सही-शिक्क्याचा नकाशा

"मोबाईलमध्ये नकाशा फुकट मिळतो, मग तुमची कंपनी अजून चालते तरी कशी?" हा प्रश्न मला लग्नात विचारलाय, बारशात विचारलाय, एकदा तर मयताला गेलो होतो तिथे तिरडी बांधता बांधता विचारलाय. विचारणाऱ्याच्या तोंडावर एक ठराविक हसू असतं. बिचारा, आज ना उद्या हा घरी बसणार, असं. गेली पंधरा वर्षं लोक माझ्या नोकरीच्या तेराव्याला जेवायला टपून बसलेत.

चालते रे बाबांनो. मजेत चालते. साकीनाक्याच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी आहे. मी लागलो तेव्हा खाली लेथ मशिनं होती, बाजूच्या गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनायची, समोर एक जण दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे गेले. त्यांच्या जागी कुरिअरचं गोदाम आलं, मग जिम आली, मग ती पण गेली. वरच्या मजल्यावर एक ॲपवाली कंपनी आली होती. रंगीत खुर्च्या, टेबल टेनिस, फुकट कॉफी, झकास सगळं. दोन वर्षांत त्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या चार खुर्च्या जिन्यात पडल्या होत्या त्या आमच्या साहेबांनी उचलून आणल्या. एकीवर मी अजून बसतो.

साहेब म्हणजे आमचे मालक. वडिलांनी काढलेली कंपनी यांनी सांभाळली. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की असेल. माझ्या बायकोच्या ऑपरेशनला ते स्वतः हॉस्पिटलात येऊन बसले होते. आवाज चढवून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तर कंपनी टिकली कशी? एकाच गोष्टीवर. मोबाईलमधल्या नकाशावर कुणी सही करून देत नाही. तुम्हाला चुकीच्या गल्लीत नेऊन सोडलं तर तुम्ही कुणाच्या नावाने बोंबलणार? सरकारी खात्यांना ते चालत नाही. त्यांना सही-शिक्क्याचा नकाशा लागतो, म्हणजे उद्या काही झालं तर बोट दाखवायला एक माणूस लागतो. आम्ही तो माणूस पुरवतो. कंपनीच्या बऱ्याचशा नकाशांवर तो माणूस मी आहे. "जागेवर जाऊन तपासले", खाली माझी सही.

आणि तोंड बंद ठेवणं. शाळेत बाई सांगायच्या ना, हाताची घडी तोंडावर बोट? आमची कंपनी तेवढ्यावर उभी आहे. खात्याने सांगितलं अमुक दाखवा, आम्ही दाखवतो. सांगितलं तमुक नको, आम्ही काढतो. का, कशाला, कुणासाठी, हे आम्ही विचारत नाही. ज्या कंपन्यांनी विचारलं त्या बंद पडल्या, असं साहेब म्हणतात. मला ते पटायचं, खोटं कशाला बोलू. माझे वडील गिरणीत होते. संपात सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्यांत ते होते. मग आयुष्यभर घाटकोपरच्या आमच्या खोलीत एका कोपऱ्यात बसून राहिले. मी नोकरीला लागलो त्या दिवशी मला म्हणाले, "काम कर, तोंड उघडू नको." तोंड न उघडता मी एकतीस वर्षं काढली. वडिलांवर ढकलत नाहीये. सांगितलं त्यांनी, पण पाळलं मी.

काम कसं चालतं ते थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. विमानातून किंवा उपग्रहातून काढलेला फोटो आमच्याकडे येतो. ऑफिसात बसलेला माणूस त्यावरून स्क्रीनवर रेघा मारतो. घर, रस्ता, नाला, विहीर. त्याला आम्ही अजून ट्रेसर म्हणतो, ट्रेसिंगचा कागद जाऊन जमाना झाला तरी. मी पण सुरुवातीला ट्रेसर होतो. शाईचं पेन, आणि चुकलं की ब्लेडने हलक्या हाताने खरवडायचं. प्रत्येक जागेला एका ठरलेल्या यादीतला नंबर द्यायचा असतो. घराला एक नंबर, देवळाला दुसरा, मोकळ्या जमिनीला तिसरा. यादी खातं देतं. त्यानंतर मोठी प्रिंट काढतात, तिला शीट म्हणायचं, आणि ती शीट घेऊन फील्डवाला जागेवर जातो. फोटो एक म्हणतो आणि जागा दुसरं म्हणते, तर जागा खरी. फील्डवाल्याने लाल पेन्सिलीने जे लिहिलं ते शेवटचं. त्यावर साहेबसुद्धा बोलत नाहीत.

अजून एक नियम होता. साहेबांच्या वडिलांनी घातलेला, आणि आम्हाला त्याचा कोण अभिमान. शीट तपासून होईपर्यंत ट्रेसर आणि फील्डवाला त्या शीटबद्दल एकमेकांशी चकार शब्द बोलायचा नाही. कारण ट्रेसरने कानात सांगितलं की फील्डवाल्याला तेच दिसायला लागतं. स्वतःच्या गावाचं, स्वतःच्या वस्तीचं फील्ड स्वतः करायचं नाही, हे त्याच नियमाचं शेपूट. बाहेरच्या कंपन्या हसायच्या आम्हाला. आम्ही त्यांना हसायचो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एक पोरगी ट्रेसर म्हणून लागली. कोळ्यांची. माहुलच्या बाजूला, रिफायनऱ्यांच्या चिमण्या जिथून दिसतात, तिथे खाडीला लागून त्यांचा कोळीवाडा. नाव नाही घेत त्याचं. पहिल्याच आठवड्यात तिने एसी ऑफिसात बोंबलाच्या चटणीचा डबा उघडला आणि अर्धं ऑफिस नाकाला रुमाल लावून उठलं. मी मालवणी माणूस, मला तर तोंडाला पाणी सुटलं. तेव्हापासून आम्ही दोघं गच्चीच्या जिन्यात बसून जेवायचो. ती मला दादा म्हणायची. जीभ तिखट. माझ्या डब्यात सोड्यांचं कालवण बघून म्हणायची, "दादा, वहिनींना सांग, कोकम घातलंय की कोकमात सोडे घातलेत?"

दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी ती माझ्यासाठी एक मोठं पुडकं आणायची. तिच्या आईने सुकवलेले बोंबील, जवळा, थोडी सुंगटं, म्हणजे कोळंबी. आमच्याकडे पावसाळ्याची बेगमी करून ठेवतात तिला आगोट म्हणतात. माझ्या घरची आगोट त्या पुडक्याशिवाय पुरी व्हायची नाही. पैसे काढले की ती अंगावर यायची. "आई विचारेल, दादाला विकलंस काय गं? मग मी काय सांगू?"

मग खाडीकाठचं काम आलं. एका खात्याला पूर्वेकडच्या किनाऱ्याचा ताजा नकाशा हवा होता. शीटांचं वाटप झालं आणि तिच्या वाटणीला जी शीट आली त्यात तिचाच कोळीवाडा. ट्रेसिंगला बंदी नव्हती, फील्डला होती. तिने काढला. फोटो जानेवारीतला. गावाच्या अंगाला, खाडीकडे उतरतं एक मैदान आहे, त्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घालतात ती बांबूची मांडणी. फोटोत वरून नुसत्या बारीक रेघा दिसतात. दुसऱ्या ट्रेसरने शेताचे बांध समजून सोडून दिलं असतं. तिला माहीत होतं. पण द्यायला नंबर नव्हता. यादीत पेट्रोल पंप होता, हेलिपॅड होतं, गोल्फचं मैदान होतं. मासळी सुकवायची जागा नव्हती. तिने नंबराची चौकट रिकामी ठेवली आणि बाजूला टीप लिहिली, "मासे सुकवण्याची सामायिक जागा."

ती शीट तपासायला माझ्याकडे आली. माझा नंबर लागला, एवढंच.

एरवी आम्ही दिवाळीनंतर फील्डला जातो. त्या वर्षी खात्याने घाई लावली आणि आम्ही अर्थातच का म्हणून विचारलं नाही. मी जुलैत गेलो. धो धो पाऊस. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या शीटा, आणि आठवड्यात सोळा शीटा उरकायच्या होत्या. त्या मैदानावर पोचलो तेव्हा घोट्याएवढं पाणी. वलांड्या नाहीत, माणूस नाही, काही नाही. एक कुत्रं उभं होतं. कडेला एका भिंतीला लागून ताडपत्रीखाली बांबूंच्या मोळ्या बांधून ठेवलेल्या. त्या मी बघितल्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आता सांगतो. मी त्या बघितल्या, आणि हे बांबू कसले असा प्रश्न माझ्या मनात आला होता. समोर घरं होती, दारं उघडी होती. जाऊन विचारायला पाच मिनिटं लागली असती.

नाही गेलो. लाल पेन्सिलीने तिची टीप खोडली, वर मोकळ्या जमिनीचा नंबर लिहिला, कोपऱ्यात तारीख आणि सही केली. मग रिक्षात बसून डबा खाल्ला. आषाढ होता, श्रावण लागायचा होता, म्हणून डब्यात सुकं होतं. तिच्या आईने सुकवलेलं. जन्मभर सुकं खाल्लं मी, आणि ते सुकतं कुठे एवढी साधी अक्कल मला त्या मैदानात उभं राहून आली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात आम्ही शेजारी बसून जेवलो. मी तिच्या गावात जाऊन आलो हे तिला माहीत होतं, माझे बूट खाडीच्या चिखलाने भरले होते. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नियम ना! शीट तपासून झाली की ट्रेसरला परत दाखवतात, पण या कामात घाई होती, तेव्हा लाल दुरुस्त्या दुसऱ्याच कुणीतरी भरल्या आणि नकाशा गेला. शिक्का बसला. तिची शीट माळ्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली. आमच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा एकूण एक कागद जपून ठेवलेला आहे, त्याचीही फुशारकी आम्ही मारतो.

दोनेक वर्षांनी त्या मैदानावर एका सकाळी बोर्ड लागला. सरकारी मोकळी जागा, अतिक्रमण करू नये. पंचवीस-तीस बायका तिथे मासळी सुकवायच्या. ओलं म्हावरं विकायला बर्फ लागतो, गाडी लागते, बाजारात बसायला जागा लागते. ज्यांच्या घरात होडीवर जाणारा पुरुष उरला नाही, त्यांचं सगळं त्या वलांड्यांवर. तिचे वडील ती शाळेत असतानाच गेले होते. आईने त्या मैदानावर तिला वाढवलं, डिप्लोमा करवला, आमच्या कंपनीत पाठवलं. जागा गेली की आईचं काम गेलं. दुसरं काही तिला येत नव्हतं आणि साठीला टेकलेल्या बाईला कोण शिकवणार?

बायकांनी अर्ज केला. सुनावणी लागली. पहिल्या तारखेला खात्याच्या माणसांनी आमचा नकाशा पुढे केला. बायका म्हणाल्या, तुमचा माणूस पावसात आला असेल. तर त्यांनी नकाशाच्या पायथ्याशी छापलेला महिना दाखवला. जानेवारी. तो फोटोचा महिना. फील्डचा महिना छापील नकाशावर कधीच नसतो, तो फक्त शीटवर असतो. म्हणजे ऐन हंगामात, भर उन्हात, आमच्या कंपनीने जाऊन बघितलं आणि तिथे काही नव्हतं, असा त्याचा अर्थ झाला. बायकांनी मोबाईलमधले फोटो दाखवले. कुठले, कधीचे, कोण सांगणार, असं उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यात डबा न उघडता बसली होती. "दादा, ती शीट तू केलीस ना?"

"हो."

"कधी केलीस?"

"जुलैत."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने न उघडलेला डबा परत पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "मी टीप लिहिली होती." मी म्हणालो, "मी खोडली." तेव्हा ती पहिल्यांदा भडकली. "आईच्या हातचे बोंबील खाऊन खोडलीस! नियम नसता तर मी तुला आदल्या दिवशीच सांगितलं असतं रे. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या." आणि मग, हळू आवाजात, "ती शीट दे मला. त्यावर तारीख आहे. माझी टीप पण आहे. बाकी काही नको."

मी साहेबांकडे गेलो. चोरून आणायची हिंमत नव्हती आणि चावी त्यांच्याकडे होती. त्यांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा "अरेरे" पण म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग म्हणाले, "शीट खात्याची मालमत्ता आहे. त्यांनी मागितली तर लगेच देऊ." मी म्हटलं, ते कशाला मागतील? "हे बघ," ते म्हणाले, "एक शीट चुकली म्हटलं की बाकीच्या तपासा म्हणतील. त्या सगळ्या पावसातच झाल्यात. मग या कंपनीच्या सहीला काय किंमत राहिली? साठ घरं चालतात आपल्यावर." आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवत म्हणाले, "पुढच्या तारखेला खात्याने आपला माणूस बोलावलाय. तू जा. खोटं बोलायचं नाही, अजिबात नाही. विचारतील तेवढ्याचं उत्तर द्यायचं. तुला किती वर्षं राहिली आता, तीन ना?"

बायकोला रात्री जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "मग सांग ना, पावस होतो म्हणान. तुझा काय जाता?" मी म्हटलं, बघू.

ऑफिसात त्या पोरीलाही मी हेच म्हणालो. बघू. शीट मिळाली नाही हे सांगितलं, पण मी स्वतः येणार आहे हे पण सांगितलं. ते ऐकून तिचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू. "मग झालं की रे! तू सांगितलंस की झालं. सही तुझीच आहे." त्या दिवशी तिने बऱ्याच दिवसांनी माझ्या डब्यात चमचा घातला. मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं की माझ्यावर विसंबू नको. उलट मी हसलो.

सुनावणीची खोली लहान होती आणि बायकांनी भरलेली. त्या घरातली चांगली लुगडी नेसून, अंबाडे घालून, केसांत अबोली माळून आल्या होत्या, देवीला जातात तशा. ती रजा टाकून आईच्या शेजारी बसली होती. आईला मी पहिल्यांदाच बघत होतो. काळीसावळी, हाडं मोठी, बोटांना जागोजाग चिरा. तिने मला बघून हात जोडले. लेकीने सांगितलं असणार, हाच तो दादा.

अधिकाऱ्याने मला खुर्ची दिली, नकाशा पुढे केला. "ही सही आपली?"

"हो."

"आपण स्वतः जागेवर गेला होतात?"

"हो."

"त्या वेळी तिथे मासळी सुकवण्याचं काम चालू होतं का?"

"नव्हतं."

"मांडव, वलांड्या, काही उभं होतं?"

"उभं नव्हतं."

सगळं खरं. एक अक्षर खोटं नाही. कारकून लिहून घेत होता. मग त्या अधिकाऱ्याने, आणि त्याला ते विचारायची काहीच गरज नव्हती, चष्मा काढला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

तिने मान वर केली. मला ते अजून दिसतं. ओठ थोडे उघडे, मी बोलायला लागलो की माझ्याबरोबर बोलणार असल्यासारखे. माझ्या डोक्यात साहेब होते, साठ घरं होती, तीन वर्षं होती, कोपऱ्यात बसलेले वडील होते. आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्याच्या खाली अजून एक गोष्ट होती. इतक्या वर्षांत माझी लाल पेन्सिल चुकली असं कुणी म्हटलेलं नव्हतं, आणि मलाच ते भरल्या खोलीत म्हणायचं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो.

तेव्हा तिची आई उठली. अधिकाऱ्याकडे तिने बघितलंच नाही, सरळ माझ्याकडे बघून बोलली. "पावसान आलतास ना रं तू? पावसान कोन म्हावरा सुकवतं?"

कारकून हसला. अधिकारी म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं नोंदवून झालंय, बसा." ती बसली नाही, मी उत्तर देईन म्हणून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मी नकाशाकडे बघत होतो. शेवटी लेकीने तिच्या पदराला धरून तिला खाली बसवलं.

निकाल नकाशाप्रमाणे लागला. बांबू ट्रकमध्ये भरून नेले आणि मैदानाभोवती पत्रे ठोकले. कंपनीला खात्याचं पुढचं कामही मिळालं. साहेबांनी पेढे वाटले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरोबर बोललास." घरी बायको मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तोंड होता ना तुका?"

पावसाळा होता, साहेब. एवढंच म्हणायचं होतं. त्यानंतर मी ते शंभरदा म्हटलंय. आंघोळ करताना, बसमध्ये, एकदा तर दाढी करताना आरशाकडे बघून इतक्या मोठ्याने की शेजारचा विचारायला आला. म्हणायला दोन सेकंद पण लागत नाहीत.

लोकांना वाटतं तिने नोकरी सोडली असेल. सोडायला काय, घरचा खर्च कोण चालवणार? आईचं काम गेलं, आई दिवसभर उंबऱ्यात बसून असते असं ऑफिसातल्या एकीकडून कळलं. म्हणून ती आमच्याकडेच आहे. माझ्यापासून चौथं टेबल. जिन्यात मी एकटा जेवतो. सुकं खाणं मी सोडलं, त्याचा कुणाला काय उपयोग, पण सोडलं. तिनेही माझ्याशी बोलणं टाकलं. ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मी ऐकून घेतल्या असत्या.

गेल्या वर्षी त्याच किनाऱ्याचा नकाशा सुधारायचं काम आलं. शीटांचं वाटप झालं आणि ती शीट पुन्हा तिच्याकडेच गेली. नको म्हणाली असती तर दुसऱ्याला दिली असती. पण तिने नको म्हटलं नाही. फील्डला मीच. या वेळी घाई नव्हती, जानेवारीत गेलो. ऊन असं कडक की बोंबील दोन दिवसांत खडखडीत वाळले असते, आणि वारा खाडीवरून, जसा लागतो तसाच. पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. काही बांधलेलं नाही. गवत, दगड, एका कोपऱ्यात पाण्याचं डबकं. शीटवर तिने त्या मैदानाला मोकळ्या जमिनीचा नंबर दिला होता. बाजूला टीप नव्हती. मी चारी बाजूंनी फिरलो, उघड्या दारांमधून बायका बघत होत्या. मग सही केली.

या वेळी रीतसर, तपासलेली शीट मीच तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिने ती उघडली, कोपऱ्यातली तारीख बघितली, पूर्ण शीटवरून एकदा नजर फिरवली. आणि सुनावणीनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"काही चूक?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."